डीकनच्या पोटातला चमचा

टाल्बटच्या तलावावर हॉलिस टिडमोरइतका खोटारडा माणूस दुसरा नाही, असं खुद्द हॉलिस टिडमोरच सांगायचा, त्यामुळे त्यावरही कुणाचा विश्वास बसत नसे. एका जानेवारीत धुकं इतकं दाट पडलं की त्याने पाणी समजून धुक्यावरच होडी घातली, दिवसभर मासे धरले, आणि ऊन आल्यावर बघतो तर होडी ओडेसाबाईंच्या दुकानाच्या छपरावर. पटत नसेल तर छपरावरचा ओरखडा बघा, म्हणायचा. ओरखडा होता. वादळात पडलेल्या फांदीचा होता, पण फांदीची गोष्ट ऐकायला कोण येतंय?

बत्तीस वर्षं तो लोकांना होडीत घालून मासे धरायला नेत होता. गिऱ्हाईक पुढच्या खुर्चीवर, हॉलिस मागे, आणि मधल्या जागेत त्याच्या थापा. मासा मिळाला तर मासा, नाही तर थाप. रिकाम्या हाताने कुणी परत गेलं नाही.

आणि त्याच हॉलिसला त्या मंगळवारी खरं बोलायचं होतं. एकच वाक्य, आणि तेही तीन वाजायच्या आत. कारण तीन वाजता ॲम्ब्रोज स्टॉलवर्थची भाची गाडी घेऊन येणार होती आणि त्याला क्लीव्हलंडला आपल्या घरी कायमचं नेणार होती. शुगरने ॲम्ब्रोजचे डोळे नेले होते, डाव्या पायाची दोन बोटं नेली होती, आणि आता मूत्रपिंडांकडे मोर्चा वळवला होता. पुढचा जानेवारी काही तो बघत नाही, असं डॉक्टरने भाचीला सांगितलं, भाचीने ओडेसाबाईंना, ओडेसाबाईंनी हॉलिसला. ॲम्ब्रोजला कुणीच सांगितलं नव्हतं, म्हणजे त्याला माहीत होतंच.

वाक्य असं होतं: ॲम्ब्रोज, तुझा चमचा डीकनने नेला नाही, माझ्या झाडात अडकला.

एवढ्याशा वाक्याला सत्तावीस वर्षं लागली, त्याची हकिगत अशी. ॲम्ब्रोज बेसेमर गावचा न्हावी. त्याची आई ज्या घरी स्वयंपाकाला जायची, तिथल्या म्हातारीने मरताना तिला चांदीचे सहा चमचे दिले होते. बापाने त्यातला एक उचलला, दांडा कापला, दोन्ही टोकांना भोकं पाडली, एका भोकात गळ अडकवला, दुसऱ्यात तंगूस बांधलं आणि मासे धरायला निघाला. आई महिनाभर त्याच्याशी बोलली नाही. पण हिवाळ्यात ठिपकेवाला बास मासा, ज्याला तलावावर सगळे नुसतं ठिपक्या म्हणतात, साठ-साठ फूट खोल जाऊन बसतो. तिथे त्याच्यापुढे चांदीचा तुकडा वरखाली नाचवला की त्याला वाटतं, मरायला टेकलेला शॅड मासा आहे, आयता घास आहे. त्या चमच्यावर स्टॉलवर्थांच्या घरी चाळीस वर्षं शुक्रवारचं जेवण झालं. मग बाप गेला, आई गेली, पाच चमचे पाच बहिणींकडे गेले आणि कापलेला तेवढा ॲम्ब्रोजच्या वाट्याला आला. तो घेऊन तो पहिल्यांदा हॉलिसच्या होडीत बसला. तासाभरात चमचा साठ फुटांवर कशात तरी अडकला, तंगूस ताणलं आणि कट्‌कन तुटलं. चांगला चाळिशीतला थोराड गडी, पण असा रडायला लागला की हॉलिसला कुठे बघावं कळेना.

चमचा कशात अडकला हे हॉलिसला पक्कं ठाऊक होतं. नाताळ संपला की या तलावावर जो तो घरातलं नाताळचं झाड उचलतो, बुंध्याला सिमेंटचा ठोकळा बांधतो आणि पाण्यात नेऊन सोडतो. बुडालेल्या झाडात बारके मासे लपतात, बारक्यांमागे मोठे येतात. आपलं झाड कुठे आहे हे इथे बायकोलाही सांगत नाहीत. हॉलिसचा सगळा धंदा अशा झाडांवर उभा होता आणि चमचा अडकला होता तो त्यातल्या सगळ्यात चांगल्या झाडात, बारा फुटी देवदारात. लोखंडी आकडा टाकून झाड वर ओढलं असतं तर अर्ध्या तासात चमचा हातात आला असता. पण झाड गेलं असतं, आणि जागा फुटली असती.

म्हणून हॉलिस म्हणाला, "अरे, रडतोस काय? अडकला नाही तो. नेला. डीकनने नेला."

डीकन म्हणजे रविवारी चर्चमध्ये दानाची थाळी फिरवणारा गृहस्थ. हॉलिसने रीळ गुंडाळता गुंडाळता रचलं ते असं, की धरणाच्या पाण्याखाली बुडालेल्या चर्चमध्ये एक ठिपक्या राहतो, कलिंगडाएवढा; तो येणाऱ्या प्रत्येकाकडून एकेक आमिष वर्गणी म्हणून घेतो आणि ओठाला टांगून मिरवतो. चर्च तिथे कधीच नव्हतं. बुडालं होतं ते कुणाचं तरी कोंबड्यांचं खुराडं. पण ॲम्ब्रोजचं रडणं थांबलं. त्याने डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि म्हणाला, "मग पुढच्या जानेवारीत येतो. चमचा परत घ्यायला."

आला ना! दर जानेवारीच्या दुसऱ्या मंगळवारी आला. बेसेमरच्या सलूनमध्ये आरशाच्या वर त्याने डीकनचं चित्र लावलं, आणि गिऱ्हाईकं तोंडाला फेस लावून घेता घेता विचारायची, "काय ॲम्ब्रोज, यंदा तरी वर्गणी परत मिळाली का?" शुगर झाली, डॉक्टर म्हणाला थंडीत जाऊ नकोस, तरी आला. तीन वर्षांमागे होडीत बूट भिजला, आणि घरी जाईपर्यंत दोन बोटं काळी पडली. ती दोन बोटं डीकनने खाल्ली असं हॉलिसला वाटायचं, आणि डीकन कोण, हे जगात एकट्या त्यालाच ठाऊक होतं.

त्या मंगळवारी सकाळी सात वाजता ओडेसाबाईंच्या दुकानात, गांडुळांच्या फ्रीजशेजारी, हॉलिस पालथ्या बादलीवर बसला होता आणि ॲम्ब्रोज त्याची मान भादरत होता. ही दोघांची जुनी रीत. होडीचं भाडं म्हणजे एक हजामत. डोळे गेल्यापासून ही हजामत बघायला माणसं मुद्दाम लवकर उठून येत.

"हलू नकोस कॅप्टन. मला दिसत नाही, पण वस्तऱ्याला दिसतंय," ॲम्ब्रोज म्हणाला.

"त्याला चष्मा कितीचा आहे तेवढं विचारून घे," वेंडल म्हणाला. वेंडल हाही तलावावरचा वाटाड्या, वयाने निम्मा, आणि त्याच्या होडीवर टीव्हीएवढी स्क्रीन, जिच्यात साठ फुटांखालच्या माशाची मिशीसुद्धा दिसते.

"कान पडला तर इकडे दे," ओडेसाबाई गल्ल्यामागून म्हणाल्या. "गांडुळांशेजारी ठेवते. ताजा माल म्हणून खपेल."

हॉलिसने ठरवलं होतं की इथेच सांगून मोकळं व्हायचं. "ॲम्ब्रोज," तो म्हणाला, "तुला एक सांगायचंय."

"मान खाली."

हॉलिसने मान खाली घातली. गळ्यावर वस्तरा असताना माणसाने सत्तावीस वर्षांचं पाप कबूल करू नये, एवढी अक्कल त्याला होती. आणि वस्तरा काय चालत होता! ॲम्ब्रोजचे डोळे गेले, पाय अर्धा गेला, पण हात देवळाच्या खांबासारखा स्थिर. थरथर होती ती हॉलिसच्या हातांत. कॉफीचा कप भरलेला उचलला की तोंडाशी पोचेपर्यंत अर्धा व्हायचा.

पाण्यावर निघाले तेव्हा तलावावरून वाफा उठत होत्या आणि काठाच्या गवतावर बर्फाची किनार होती. ॲम्ब्रोज दोन कोट घालून पुढच्या खुर्चीत बसला. दुखऱ्या पायावर दोन मोजे, त्यावर पावाची प्लास्टिकची पिशवी, त्यावर बूट. हॉलिसने होडी आपल्या जागेवर आणली. जुना देवदार केव्हाच कुजून गेला होता. दर वर्षी तो तिथेच नवं झाड सोडायचा, म्हणजे खाली आता सत्तावीस झाडांची हाडं होती, आणि कुठे तरी त्यांच्याखाली, हातभर गाळात, तो चमचा.

ॲम्ब्रोजने आमिष खाली सोडलं. साठ फूट सोडायला किती वेळ लागतो हे त्याचा अंगठा जाणत होता. मग मनगटाने हलकेच वर, परत खाली. वर, खाली.

"ॲम्ब्रोज, त्या डीकनचं असं आहे—"

"श्श! नाव घेऊ नकोस लेका. ऐकतो तो."

थोडा वेळ गेला. दोघांनी मक्याचा पाव आणि थंड सॉसेज खाल्लं. कुरव पक्षी एक-दोन येऊन डोक्यावर घिरट्या घालून गेले. हॉलिसने घसा खाकरला.

"सत्तावीस वर्षांमागे तुझा चमचा गेला ना, तेव्हा मी—"

"तेव्हा तू मला वाचवलंस," ॲम्ब्रोज म्हणाला. "थांब, आज बोलू दे मला. मी वर गेलो की आई पहिलं काय विचारणार? कसा आहेस, जेवलास का, असलं काही नाही. चमचा कुठाय? पाची पोरींनी आपापले दाखवले असतील. मी काय दाखवू? गाळात पडलाय म्हणू? गाळात पडलेला चमचा म्हणजे मेलेला चमचा, कॅप्टन. पण मी म्हणेन, आई, हरवला नाही गं. एका माशाकडे आहे. तो पोहतोय तोवर तुझा चमचा पोहतोय. हसेल ती. तिला माशाच्या गोष्टी आवडायच्या. बापाशी भांडायची ती फक्त चमच्यावरून."

हॉलिसने सॉसेजचा कागद घडी करून खिशात घातला.

"आधी वाटायचं, सापडला की काढून घ्यायचा. आता क्लीव्हलंडला नेऊन काय करू? भाचीच्या ड्रॉवरमध्ये बॅटऱ्यांबरोबर पडेल. त्यापेक्षा त्याच्याकडेच बरा. एकदा हात लावून बघेन आणि सोडून देईन. चमच्यासकट." तो हसला. "पण लागायला तर पाहिजे, काय?"

"हो," हॉलिस म्हणाला, आणि त्याच्या घशातलं वाक्य जे खाली गेलं ते गाळातच जाऊन बसलं.

बारा वाजले. साडेबारा. उत्तरेचा वारा सुटला. हॉलिसने मनाशी ठरवलं, एक वाजला की बोलायचं, आडवळण नाही, प्रस्तावना नाही, थंड पाण्यात उडी मारतो तसं. एकला पाच कमी असताना ॲम्ब्रोजची गळाची काठी वाकली आणि तशीच राहिली. ना धक्का, ना हिसका. नुसतं जडशीळ ओझं.

"लागला!" ॲम्ब्रोज ओरडला.

"नाही," हॉलिस म्हणाला, आणि अखेर ते तोंडातून बाहेर पडलं. "झाड आहे ॲम्ब्रोज. झाडच आहे ते. तेव्हाही झाडच होतं, माझंच—"

आणि झाड पोहायला लागलं.

रीळ किंचाळलं. तंगूस सरसरत होडीखालून उजवीकडे गेलं. ॲम्ब्रोज तोंडाने 'ओ, ओ, ओ' करत काठी पोटाशी धरून होता, आणि हॉलिसच्या अर्ध्या वाक्याचं काय झालं हे विचारायला होडीत कुणी शिल्लक नव्हतं. दहा मिनिटांनी पाण्यात पांढरं-हिरवं काही फिरलं, आणि हॉलिसने जाळं घातलं.

बत्तीस वर्षांत त्याने असा ठिपक्या पाहिला नव्हता. आठ पौंडांच्या वर. पोटावर ठिपक्यांच्या ओळी, एखाद्या शहाण्या माणसाने रूळ लावून आखाव्यात तशा. ज्याने आपल्या थापांत मगरींना चर्चला नेलं, धुक्यावर होडी चालवली, त्या हॉलिसला एक शब्द सुचेना. जो मासा त्याने रीळ गुंडाळता गुंडाळता रचला होता तो त्याच्या जाळ्यात बसून कल्ले उघडमीट करत होता.

पण साठ फुटांवरून वर आलेल्या माशाचं पोट फुगतं. आतली हवेची पिशवी ताणते, डोळे बाहेर येतात. त्याला लगेच सुई टोचून हवा काढून द्यावी लागते, मगच तो खाली जाऊ शकतो. नाही तर उताणा तरंगतो आणि तरंगत मरतो. दोन-चार मिनिटांचा खेळ असतो.

"माझ्या मांडीवर दे," ॲम्ब्रोज म्हणाला.

ती मिनिटं ॲम्ब्रोजच्या मांडीवर गेली. हॉलिसने ती मोजली नाहीत असं नाही, पण त्या म्हाताऱ्याच्या हातातून मासा ओढून घ्यायला जे काळीज लागतं ते त्याच्याकडे नव्हतं. ॲम्ब्रोजने हातमोजे काढले. जन्मभर माणसांच्या गालांवरून फिरवला तसा हात माशावरून फिरवला. पर उघडून बघितला. मग अंगठा माशाच्या तोंडात घालून त्याच्या जिभेवर घासला.

"खरखर आहे. ठिपक्याच. याच्याच जिभेला असते अशी दोन दिवसांची दाढी." मग ओठावरून बोट फिरलं, एकदा, दोनदा. चेहरा उतरला. "कॅप्टन, चमचा नाही."

आता बोल, हॉलिस. आता याहून चांगली वेळ येणार नाही.

"गिळलाय त्याने," हॉलिस म्हणाला. "ओठाला जुनं भोक आहे, बुजलेलं. तिथून सुटला आणि घशाखाली गेला."

"दिसतोय?"

हॉलिसने माशाच्या घशात पाहिलं. काळोख होता. "आत चमकतंय," तो म्हणाला.

ॲम्ब्रोजने पोट दाबलं. ते हवेने टणक झालं होतं. "लागतोय रे हाताला!" तो म्हणाला. "हा बघ, कडक लागतोय!" आणि त्याच्या न दिसणाऱ्या डोळ्यांतून पाणी आलं.

"आता सोडायला हवा," हॉलिस म्हणाला. "सुई मारतो."

सुई बुचात खोचलेली होती. ती काढायलाच त्याला तीन वेळा चिमूट जुळवावी लागली. त्याने मासा होडीतल्या पाण्याच्या टाकीत धरला आणि टोक खवल्यांवर टेकवलं, तर टोक खवल्यांवर नाचायला लागलं.

"इकडे दे," ॲम्ब्रोज म्हणाला. "तुझ्या हाताने तू त्याचं भरतकाम करशील. जागा दाखव, मी टोचतो."

म्हणून आंधळ्याच्या हातात सुई आली आणि थरथरत्याने जागा दाखवली. वरच्या पराच्या खाचेपासून सरळ खाली, आडव्या रेघेच्या जराशी खाली, खवल्याच्या आडून. हॉलिसने हजार वेळा केलेलं काम. पण वाऱ्याने आणि दुसऱ्याही कशाने त्याचे डोळे भरून आले होते. त्याने ॲम्ब्रोजचं बोट धरून ठेवलं ते बोटभर मागे ठेवलं. ॲम्ब्रोजने एका झटक्यात, न चुकता, स्वच्छ सुई मारली. जिथे दाखवलं होतं तिथेच.

बुडबुडे आले नाहीत. आलं ते रक्त, धाग्यासारखं.

"हवा गेली का?" ॲम्ब्रोजने विचारलं. "बुडबुडे ऐकू येत नाहीत."

टाकीला हवा देणारी रबरी नळी शेजारीच लोंबत होती. हॉलिसने तिचं टोक पाण्यात बुडवलं, दुसरं तोंडात घातलं आणि फुंकलं. नळीला पेट्रोलची चव होती. पाण्यात बुड-बुड-बुड झालं.

"हां!" ॲम्ब्रोज म्हणाला. "हां. जा बाबा. जा."

हॉलिसने मासा होडीच्या कडेने पाण्यात सोडला. मासा कुशीवर वळला. शेपटी एकदा हलली, दुसऱ्यांदा हलली नाही. मग तो हळूहळू उताणा झाला, पांढरं पोट वर, आणि होडीपासून हातभर अंतरावर तरंगत राहिला. कल्ला अजून उघडमीट करत होता. हॉलिसने हात लांब करून त्याला खाली ढकललं. तो परत वर आला. परत ढकललं. परत आला.

"गेला?"

"गेला," हॉलिस म्हणाला. "शेपटीने पाणी उडवून गेला. मला भिजवलंन."

त्याने बाही पाण्यात बुडवून ॲम्ब्रोजच्या हाताला लावली. डोक्यावर कुरव ओरडायला लागले. आधी दोन, मग पाच-सहा. हॉलिसने मोठी मोटर सुरू केली, ओरडणं ऐकू जाऊ नये म्हणून.

अडीच वाजता दुकानात ॲम्ब्रोजने सगळं सांगितलं, आणि फार छान सांगितलं. एवढी वर्षं हॉलिसचं ऐकत होता, उगाच नाही. ओडेसाबाईंनी त्याला शुगर असून गोड बटाट्याच्या पायचा तुकडा दिला. वेंडलने विचारलं, "फोटो कुठाय?" ॲम्ब्रोज म्हणाला, "आंधळ्याला फोटो कशाला?" आणि सगळे हसले, पण चांगलं हसले.

"तुम्ही सगळे म्हणता, हॉलिस खोटारडा," ॲम्ब्रोज म्हणाला. "म्हणा. पण माझ्या हाताला तो मासा लागलाय. सत्तावीस वर्षांत हा माणूस माझ्याशी एक शब्द खोटं बोलला नाही."

हॉलिसने कप खाली ठेवला. कॉफी सांडली.

"खोटं बोललो," तो म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. ओडेसाबाईंनी गल्ला बंद केला. हॉलिसची गोष्ट सुरू झाली की त्या गल्ला बंद करत.

"डीकन कुणी नव्हता. चमचा माझ्या झाडात अडकला होता. आकडा टाकला असता तर निघाला असता, पण झाडाची जागा फुटली असती, म्हणून मी गोष्ट रचली. आजचा मासा कुठलाही एक मासा होता. चमचा त्याच्या पोटात नाही. सुई मी चुकीच्या जागी दाखवली. बुडबुडे मी नळीतून काढले, तोंडाने. मासा मेला. तिथे झाडावर तरंगतोय उताणा, कुरव त्याला टोचतायत."

पहिला वेंडल हसत सुटला. त्याच्यापाठोपाठ ओडेसाबाई.

"तोंडाने!" वेंडलला श्वास घेता येईना. "नळीतून! अरे कॅप्टन, ही छपरावरच्या होडीच्या वरची झाली!"

आणि सगळ्यात जास्त हसला ॲम्ब्रोज. पोट धरून हसला, टेबलावर हात आपटून हसला. "चेहरा कसा ठेवला असेल गं याने, सांग ना ओडेसा! मला दिसत नाही याचंच वाईट वाटतं. माझा निरोप समारंभ म्हणून खास नवी रचली लेकाने!"

"रचली नाही," हॉलिस म्हणाला. "ॲम्ब्रोज, देवाशपथ."

देवाशपथ म्हटल्यावर तर वेंडलला बाहेर जाऊन खोकावं लागलं.

भाची तीनला दहा कमी असतानाच आली. तिने ॲम्ब्रोजला कोट चढवला, टोपी घातली, दाराकडे नेलं. दारात तो थांबला आणि चाचपून त्याने हॉलिसची बाही धरली. ओली होती अजून. हसू पार गेलं होतं चेहऱ्यावरून.

"कॅप्टन," तो हळू म्हणाला, फक्त त्यालाच ऐकू जाईल असं. "बुडबुडे खरे होते ना?"

हॉलिसने त्याच्याकडे पाहिलं. दाढी त्याने स्वतःच केलेली, आंधळेपणी, एक केस राहिला नव्हता.

"खरे होते," तो म्हणाला.

"आणि गेला ना तो खाली?"

"गेला."

ॲम्ब्रोजने बाही सोडली.

गाडी वळणापलीकडे गेल्यावर हॉलिसने होडी पुन्हा पाण्यात लोटली. मासा झाडापासून शंभर हात वाऱ्याने वाहत गेला होता. एक डोळा कुरवांनी नेला होता. हॉलिसने त्याला उचलून पायाशी ठेवलं आणि परत आला.

दुकानामागे मासे साफ करायचा लाकडी पाट आहे. सूर्य झाडांना टेकला होता, आणि नळातून येणारं पाणी बोटांना चावत होतं. हॉलिसने सुरी धरली, एका हाताने दुसऱ्याचं मनगट पकडून, आणि पोट फाडलं. हवेची पिशवी हिस्स करून बसली. त्याने जठर चिरलं. दोन शॅड मासे निघाले, एक अर्धवट विरघळलेला, आणि एका झिंग्याच्या नांग्या.

त्याने ते बाजूला केलं आणि आत बोट घातलं. शेवटापर्यंत घातलं. मग बोट काढून, नळाखाली धुऊन, पुन्हा घातलं.

"काय शोधतोयस रे कॅप्टन?" वेंडल कोपऱ्यावरून म्हणाला. तो होडी झाकायला आला होता.

"चमचा," हॉलिस म्हणाला.

वेंडल हसत हसत आपल्या होडीकडे गेला, आणि हॉलिस चाचपत राहिला.